लॉट क्रमांक एकसष्ट आणि माझी लाल पेन्सिल

लिस्बन,
सोमवार, ११ जून

चि. सौ. ग्रासिएत हिस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठीक असेल, अबिलिओरावांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल आणि विझेऊकडच्या चेरी पक्ष्यांच्या आधी तुमच्या हाती लागल्या असतील, अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम आहे. डॉक्टरांच्या मते रक्तदाब वाढला आहे. परंतु त्यांनी तो का वाढला हे विचारले नाही, आणि कारण न विचारता मोजलेल्या आकड्याला मी किंमत देत नाही. तुझे मागचे पत्र पोहोचले. त्यात नऊ स्वल्पविराम कमी होते. ते घालून पत्र जपून ठेवले आहे.

आता मुख्य विषयाकडे वळते. तू आधी बसून घे.

मायेस्त्रो बेलार्मिनो क्वारेज्मा गेल्या ऑक्टोबरात वारले, हे तू वर्तमानपत्रात वाचलेच असशील. मिमोझा थिएटरसाठी त्यांनी एकतीस वर्षे संगीत प्रहसने रचली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी जांभळ्या शाईने जे जे लिहिले, ते ते मी लाल पेन्सिलीने दुरुस्त केले. (हे तुला ठाऊक आहे, परंतु सध्या या देशात ते केवळ तुलाच ठाऊक असावे अशी परिस्थिती असल्यामुळे पुन्हा लिहिते.) मायेस्त्रोंना चाली सुचत. चाली कोणालाही सुचतात. मासे विकणाऱ्या बायकांनाही सुचतात. त्या वाद्यवृंदाला वाजवता येतील अशा कागदावर उतरवणे ही वेगळी विद्या आहे, आणि त्या विद्येचे सुवर्णपदक संगीत विद्यालयाने त्यांना नव्हे, मला दिले होते. मायेस्त्रो तुतारीला असा सूर देत जो तुतारीत नसतो. बासरीवाल्याला सलग बावीस मापे, म्हणजे तालाची बावीस आवर्तने, श्वास घ्यायला जागा ठेवत नसत. तो बिचारा तिसऱ्या प्रयोगात खुर्चीवरून पडला, तेव्हा मायेस्त्रो 'नाजूक आहे' असे म्हणाले. हार्पसाठी त्यांनी एकदा जे लिहिले, त्याला चार हातांची बाई लागली असती.

तर आता बेरिंगेल आणि पुत्र नावाची एक लिलावाची पेढी पुढच्या मंगळवारी, १९ तारखेला, मायेस्त्रोंचे सारे खासगी सामान विकायला काढणार आहे. सारे म्हणजे सारे. झगा, दाढीचा ब्रश, खोकल्याच्या गोळ्यांचे सतरा डबे (त्यातील चार अर्धवट भरलेले, असे आवर्जून छापले आहे), आणि घरात घालायच्या सपाता, ज्यांतील डावी उजवीपेक्षा अधिक झिजलेली असून त्यावरून 'मायेस्त्रोंच्या अंतर्मनातील लयीचा प्रत्यय येतो'. मायेस्त्रो डाव्या पायाने टेबलाखालच्या कुत्र्याला ढकलत असत. लयीचा प्रत्यय आलाच असेल तर तो कुत्र्याला.

पियानोबद्दल मी लिहिणार नव्हते, परंतु लिहिते. मिमोझातला उभा पियानो बंद पडत्या थिएटरातून मायेस्त्रोंनी घरी नेला होता. पितळी वाद्यांच्या गोंगाटात तो ऐकू यावा म्हणून त्याच्या प्रत्येक हातोडीवर मी स्वतः एकेक ड्रॉइंग पिन बसवली होती, गुडघ्यांवर बसून, दोन दुपारी खर्चून. मिमोझाचा जो खणखणीत आवाज लोक आजही आठवतात, तो या पिनांचा. बेरिंगेलांच्या कारागिराने त्या सगळ्या उपटून काड्यापेटीत भरल्या आहेत, आणि कॅटलॉगात छापले आहे : 'अज्ञात समाजकंटकाने केलेली नासधूस निष्णात हातांनी दूर केली आहे.' ग्रासिएत, तुझी बहीण एकाहत्तराव्या वर्षी समाजकंटक झाली.

आणि तरीही हे सर्व मी गिळले असते. कॅटलॉगात एकूण त्रेचाळीस छपाईच्या चुका होत्या. त्या लाल पेन्सिलीने दुरुस्त करून, नाव न घालता, केवळ कर्तव्य म्हणून मी ती प्रत पेढीला टपालाने परत पाठवली. परंतु त्रेचाळिसावी चूक दुरुस्त करून पान उलटले आणि पुढे लॉट क्रमांक एकसष्ट आला. प्रत पाठवण्यापूर्वी तो मी उतरवून घेतला, जसाच्या तसा देते :

'«सब्जाची कुंडी», संपूर्ण स्वरलिपी, दोनशे अठरा पाने. जांभळ्या शाईतील प्रत नक्कलनवीस लि. सार्मेंतो यांच्या हस्ताक्षरात (अखेरच्या पानावर सही), प्राथमिक स्वरूपाच्या असंख्य चुकांसह. सर्वत्र लाल पेन्सिलीने मायेस्त्रोंनी स्वहस्ते केलेल्या दुरुस्त्या, ज्यांतून त्यांची थक्क करणारी शिस्त आणि हाताखालच्या माणसांविषयीचा अपार धीर दिसून येतो.'

पुन्हा वाच. मी अकरा वेळा वाचले. म्हणजे त्यांच्या चुका माझ्या, आणि माझ्या दुरुस्त्या त्यांच्या! आणि धीर! पाव भाजून होईपर्यंत त्या माणसाला धीर नसे, तो कच्चाच खात असे.

ही सही तेथे कशी आली, ते सांगते. त्या काळात प्रत्येक खेळाचा मजकूर गाण्यांच्या बाडासकट सेन्सॉरच्या कचेरीत जाई, आणि शेवटच्या पानावर जबाबदार व्यक्तीची सही लागे, तीही शाईने. पेन्सिलीची सही कचेरीला चालत नसे. मायेस्त्रोंना तरुणपणी एका विनोदी कडव्यापायी अठरा दिवस आत ठेवले होते, त्यामुळे त्यांची सही दिसली की तेथला कारकून गाणे न वाचताच निळी काट मारी. म्हणून सही मी करू लागले. त्यांच्याच टेबलाशी, त्यांच्याच दौतीतल्या जांभळ्या शाईने, कारण दुसरी शाई त्या घरात नव्हती. दोनदा मला त्या कचेरीत बोलावून चार-चार तास बाकावर बसवले. मी बसले. (बाकाचा एक पाय आखूड होता. मी ते लक्षात आणून दिले. आभार मानले नाहीत.) एवढ्यासाठी केलेली ती सही आज माझ्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून छापली गेली आहे.

मी शनिवारी करडा पोशाख घालून, टोपी घालून पेढीवर गेले. वस्तू पाहायला लोक आले होते. एक गृहस्थ सपातेचा वास घेत होते. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. या लिलावाचे तज्ज्ञ म्हणजे कोणी डॉ. वाल्देमार पेश्ताना. वय चौतीस, दाढी विरळ, आणि मायेस्त्रोंच्या 'लाल पेन्सिलीचे सौंदर्यशास्त्र' या विषयावर चारशे पानांचा प्रबंध. मी त्याला शांतपणे (शेजारच्या दालनातील लोक का वळले ते मला माहीत नाही) सांगितले की जांभळे त्यांचे आणि लाल माझे. त्यावर तो हसला. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर हसतात, तसा.

"दोना लिओकादिया, मनाला लावून घेऊ नका हं. प्रत्येक नक्कलनवीसाला म्हातारपणी असंच वाटतं. मी अशा सहा जणांना भेटलोय."

"त्या सहा जणांकडे सुवर्णपदक होते?"

"एकाकडे होतं," तो म्हणाला, आणि मग अचानक आवाज खाली आणून टेबलाच्या खणातून काहीतरी काढू लागला. "पण आलाच आहात तर एक दाखवतो. कोणाला सांगू नका. हे परवा टपालानं आलं. नाव नाही, गाव नाही. अंगावर काटा येतो की नाही बघा."

तो माझाच दुरुस्त केलेला कॅटलॉग होता. तो त्याने रेशमी कागदात गुंडाळून ठेवला होता.

"हा मी पाठवला," मी म्हणाले.

त्याने तो हळूच मागे ओढला. "म्हणजे... तुम्ही मायेस्त्रोंचं अक्षर काढता?"

"मी माझे अक्षर काढते."

"पण हे हुबेहूब त्यांचं आहे!"

"त्यांचे आहे ते माझे आहे!"

"बाईसाहेब, याला कायद्यात काय म्हणतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ठाऊक होते, आणि त्याने सांगितलेले कलम चुकीचे होते, तेही मी सांगितले. तेव्हा त्याने दरवानाला बोलावले. दरवानाने माझी लाल पेन्सिल काढून घेतली आणि मला पावती दिली : 'लाल पेन, नग एक.' पेन! ती पावती दुरुस्त करण्याचेही साधन माझ्यापाशी उरले नव्हते. जाता जाता मात्र त्या पेश्तानाने, बहुधा मी पुन्हा येऊ नये म्हणून, एक सवलत दिली : मायेस्त्रोंकडे कामाला लागण्यापूर्वीच्या तारखेचा, याच लाल अक्षरातला एक तरी कागद सोमवारी १८ तारखेच्या दुपारपर्यंत आणून दाखवा, मी दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक कॅटलॉगात चिकटवीन. एक तरी कागद! एकतीस वर्षे ज्या बाईने दुसऱ्यांचे कागद निस्तरले, तिच्याकडे स्वतःचा कागद मागतो! लिलाव झाला की ते बाड कुठल्या तरी परदेशी कपाटात जाईल, त्यावर आणखी प्रबंध होतील, आणि मी जगाच्या अंतापर्यंत प्राथमिक स्वरूपाच्या असंख्य चुका करीत राहीन.

तेथून मी सरळ मायेस्त्रोंच्या विधवेकडे, दोना झुल्मिराकडे गेले. तिने संत्र्याचा केक कापला, कॉफी ओतली, आणि सगळे ऐकून घेतले. तिला सत्य माहीत आहे. ते जांभळे बाड हातात घेऊन मी दर गुरुवारी तिच्याच स्वयंपाकघरातून आत जात असे. एक शब्द तिने पेश्तानाला सांगितला असता तर काम झाले असते.

"सांगितलं असतं गं," ती म्हणाली, "पण नाही सांगणार."

मी कारण विचारले.

"एकतीस वर्षं माझ्या टेबलाशी बसून हा माणूस काय बोलायचा? 'लिओकादियानं हे खोडलं, लिओकादियानं ते खोडलं, लिओकादिया म्हणते हे चालायचं नाही.' माझं सूप थंड व्हायचं. मी कधी म्हटलं, मीठ कसं झालंय, तर म्हणायचा, लिओकादियाला विचार. आता मेल्यावर तरी ती लाल पेन्सिल त्याची होऊ दे. माझ्या घरातली होऊ दे. केक घे ना अजून."

ग्रासिएत, मी केक घेतला नाही. केकमध्ये साखर जास्त होती, हे मात्र सांगून आले. एखादी बाई इतकी वर्षे मनात इतके ठेवून माझ्या कॉफीत दूध घालत होती, आणि मला वाटत होते की तिला संगीतातले काही कळत नाही. ते अजूनही कळत नाही. परंतु दुसरे काहीतरी तिला कळत होते असे दिसते, आणि त्याचाही मला संताप आला आहे. मी कोणाचा नवरा मागितला नव्हता. मी केवळ त्याच्या चुका मागितल्या होत्या.

असो. हे पत्र मी तुझ्याकडे काही मागण्यासाठी लिहीत नाही, हे तू जाणतेसच. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेले नाही. धाकट्या बहिणीला आपल्या थोरल्या बहिणीच्या अब्रूचे वर्तमान कळावे, एवढाच हेतू. अबिलिओरावांना नमस्कार. गुडघ्याला मोहरीचा लेप लावू नये. तो गैरसमज आहे.

तुझी बहीण,
लिओकादिया सार्मेंतो

ता. क. तू अकरा वर्षांची असताना मी तुला स्वररचना शिकवत होते, तेव्हाची तुझी निळ्या कव्हराची वही तुझ्याकडे आहे. मायेस्त्रोंचे नावही मी तेव्हा ऐकले नव्हते. त्या वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आहे आणि प्रत्येक ओळीवर माझी लाल पेन्सिल आहे. तू म्हणशील, पियानो सोडला त्याच दिवशी वही जाळली. तू ती जाळलेली नाहीस. ती तुझ्या शिवणयंत्राच्या पायाखाली आहे, हे अबिलिओरावांनी मला नाताळात सांगितले. यंत्राखाली दुसरे काही सरकव आणि वही रजिस्टर टपालाने ताबडतोब पाठव. शनिवारपर्यंत माझ्या हाती पडलीच पाहिजे. (त्या वेळी मी तुला 'कानाऐवजी बटाटे आहेत' असे समासात लिहिले होते. ते पेश्ताना वाचील, त्याला इलाज नाही. शास्त्रीय पुरावा पूर्ण द्यावा लागतो.)

ता. क. २. बुधवार, १३ जून. काल पत्र टाकणार होते, परंतु दुसऱ्या पानावर एक डाग आढळला, म्हणून संपूर्ण पत्र पुन्हा लिहून काढले. आज संत आंतोनिओचा सण, टपाल कचेरी बंद. गल्लीभर काल भाजलेल्या सार्डिन मासळीचा धूर आणि पताका. खालच्या मजल्यावरची इदालिना (मासे विकते, मागे मासे विकणाऱ्या बायकांचा उल्लेख आला तो सर्वसाधारण होता, तिला उद्देशून नव्हता) दारासमोर झाडू मारत गाणे म्हणत होती, आणि समोरच्या खिडकीतून आणखी तिघी साथ देत होत्या. गाणे 'सब्जाची कुंडी'मधलेच, शीर्षकगीत. सतराव्या मापात त्या दरवर्षीप्रमाणे चुकल्या. तेथे मायेस्त्रोंनी घातलेला सूर खालच्या स्वरांशी भांडतो, म्हणून अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी तो लाल पेन्सिलीने अर्ध्या पायरीने उतरवला. वाद्यवृंद माझा सूर वाजवत असे. गाणारी बाई मात्र प्रत्येक प्रयोगात बेसूर जुनाच लावी. मी तिला चार पत्रे लिहिली होती. एरवी मी खिडकी लावून घेते. आज मनःस्थिती ठीक नव्हती, म्हणून उघडून म्हणाले, "चुकतंय!"

"काय चुकतंय, दोना लिओकादिया?" इदालिना झाडू टेकवून म्हणाली. "मी, का आम्ही चौघी, का सगळी गल्ली?"

"सगळी गल्ली!"

"अगं बाई, ऐकलंत का गं, सगळं लिस्बन चुकतंय! मग वाजवून दाखवा की. पियानो काय फक्त धूळ बसायला ठेवलाय होय?"

मी वाजवून दाखवले. खिडकी उघडी ठेवून, आधी त्यांचे, मग माझे, तुलना स्पष्ट व्हावी म्हणून. मग इदालिना म्हणाली, "ते पहिलं परत वाजवा बरं. दुसरं म्हणजे बाईला सर्दी झाल्यासारखं वाटलं."

मी पहिले परत वाजवले. मग दुसरे. मग पहिले. सुमारे तासभर वाजवले. ग्रासिएत, मी नियमांची तिन्ही पुस्तके काढून तपासली. नियमाप्रमाणे माझेच बरोबर आहे. परंतु तो वरचा सूर खालच्या स्वरांशी भांडतो तेव्हाच कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरून वाकून पाहते आहे असे वाटते. माझा सूर लावला की खिडकी बंद होते. जांभळे बरोबर होते. आणि मायेस्त्रोंना ते माहीत होते. त्यांनी माझी खूण कधी खोडली नाही, वाद मुळीच घातला नाही. गाणारीला मात्र पियानोपाशी बसवून आपलाच सूर शिकवला. अठ्ठावीस वर्षे तो माणूस माझ्यासमोर बसून पाव खात होता आणि एक अक्षर बोलला नाही. याला धीर म्हणतात काय? असेल तर त्या पेश्तानाचा एक शब्द बरोबर निघाला, आणि हे मला सहन होत नाही.

तेव्हा वही पाठवू नकोस. मी शांतपणे विचार केला आहे. कॅटलॉग जसा आहे तसा राहिला, तर सतराव्या मापातला तो सूर लावणारी मी ठरते आणि तो बिघडवणारे मायेस्त्रो. पेश्ताना हा एकंदरीत समंजस तरुण आहे. दाढी वाढेल. यंत्राखालून वही हलवू नकोस.

ता. क. ३. गुरुवार, १४ जून. वही पाठव. मी न केलेल्या गोष्टीखाली सही फक्त सेन्सॉरच्या कचेरीसाठी केली, आणि ती माणसाला तुरुंगाबाहेर ठेवण्यासाठी. पेश्तानासाठी करणार नाही. तो सूर त्यांचा आहे. दोनशे अठरा पानांवरचे लाल माझे आहे, सतराव्या मापासकट. चिठ्ठीत तेही छापायला सांगेन. दोना झुल्मिरालाही कळवीन, तिचे सूप किती व्यर्थ थंड झाले ते.

टपाल आत्ता उघडे आहे, म्हणून आटोपते घेते. वही बांधण्यापूर्वी एकच कर. तुमच्या गावच्या मंडळाच्या सभागृहात पियानो आहे असे तू लिहिले होतेस. तेथे जा, दार लावून घे, आणि माझ्या लाल खुणांकडे न पाहता, तू अकराव्या वर्षी शाईने जे लिहिले होतेस तेवढेच वाजव. कसे वाटते ते मला कळव.

नको, कळवू नकोस. फक्त वाजव.